स्क्विडमधला '३' कुठे गेला?

आजची गोष्ट एका आकड्याची आहे.

समजा, २०१६ साल आहे. शनिवारी रात्री तुम्ही ऑफिसचा सर्व्हर उबुंटू १४.०४ वरून १६.०४ वर नेलात. मशीन नीट सुरू झालं, तुम्ही निवांत झोपलात. सोमवारी सकाळी मात्र एकाही टेबलावर वेबसाइट उघडेना. प्रॉक्सी गेला! आता पहिला संशय नेटवर्कवर जातो, दुसरा फायरवॉलवर. पण खरं कारण बरंच जुनं होतं.

थोडं मागे जाऊ. १९९० च्या दशकात इंटरनेटची लाइन महाग आणि हळू होती. एकाने उघडलेलं पान साठवून ठेवायचं आणि पुढच्याला तिथूनच द्यायचं, हे प्रॉक्सी कॅशचं काम. अमेरिकेतल्या हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पात अशी एक कॅश होती. तिच्यावरूनच १९९६ मध्ये ड्वेन वेसल्स यांनी स्क्विड पुढे आणला. आपल्याकडेही कॉलेजच्या लॅबमध्ये ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ३१२८ हा पोर्ट भरल्याचं काहींना आठवत असेल. तो स्क्विडचाच.

पुढे स्क्विडची तिसरी आवृत्ती आली, सी++ मध्ये नव्याने बांधलेली. पण दुसरी चांगली चालत होती, लोक तिला सोडेनात. मग डेबियनने दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या. जुनीचं नाव 'स्क्विड', नवीचं 'स्क्विड३'. कॉन्फिगचं फोल्डर, लॉगचं फोल्डर, सर्व्हिसचं नाव, सगळीकडे तो '३' चिकटला.

काही वर्षांनी जुनी आवृत्ती मागे पडली. '३' ची गरजच उरली नाही. उबुंटू १६.०४ मध्ये पॅकेज पुन्हा साधं 'स्क्विड' झालं, फोल्डरही बदललं.

आणि इथेच घोळ. आपण हाताने लिहिलेल्या ओळी, म्हणजे परवानगीच्या याद्या, पासवर्डची फाइल, सर्व्हिस रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट, या जुन्याच पत्त्यावर बोट दाखवत राहिल्या. त्यातून सर्व्हर मूळ कॉन्फिगवर उभा राहिला तर आणखी गंमत: त्यात परवानगी फक्त त्याच मशीनला, बाकी सगळ्यांना नकार. म्हणजे प्रॉक्सी बंद नव्हताच. तो तुम्हाला ओळखत नव्हता!

मग शोधायचं कसं? आधी बघा, सर्व्हिस कोणत्या नावाने चालू आहे आणि कोणती कॉन्फिग फाइल वाचते आहे. मग स्क्विडची पार्स कमांड चालवा. सर्व्हर सुरू न करताच ती चुकीची ओळ दाखवते. शेवटी दुसऱ्या मशीनवरून एक पान उघडा आणि नव्या फोल्डरमधला अ‍ॅक्सेस लॉग बघा. तिथे 'डिनाइड' आणि ४०३ दिसलं, तर निरोप पोचतोय, परवानगी नाही. ओळच उमटली नाही, तर निरोपच पोचत नाही. मग पोर्ट आणि फायरवॉल तपासा. हा क्रम पाळला की अर्धा दिवस वाचतो.

अपग्रेड नवा प्रोग्रॅम आणतो, पण तुम्ही वर्षानुवर्षं हाताने घातलेले पत्ते त्याला माहीत नसतात. म्हणून पुढच्या अपग्रेडआधी कॉन्फिगची प्रत काढाच, आणि त्यात कुठेकुठे जुनं नाव लिहिलंय तेही शोधून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!