तेलाचा खवटपणा आणि कर्करोगाचे भय

बडोदे शहराच्या फरसाणाची कीर्ती जुनी आहे. गायकवाडी अमदानीत तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुण्या-मुंबईच्या आप्तांकडे निघाली, की भाकरवडीचा पुडा आणि लीलो चेवडो सोबत असावयाचाच. चेवडा मऊसर, म्हणून अल्पायुषी. तो लवकर संपवावा, हे सांगावे लागत नसे. पुढे फरसाण पाकिटात बंद होऊन महिनेच्या महिने फळीवर राहू लागले, समुद्रापार जाऊ लागले, आणि तेलाच्या खवटपणाचा प्रश्न व्यापाराचा प्रश्न झाला.

हवेतील प्राणवायूमुळे तेलाचा एक रेणू बिघडला, की तो शेजारच्या रेणूस बिघडवितो. अशी साखळी वाढत जाते व तेल खवट होते. बीएचए, बीएचटी आणि टीबीएचक्यू ही कृत्रिम द्रव्ये स्वतः बळी जाऊन ती साखळी तोडतात. बीएचटी पेट्रोल व रबर यांतही घालतात, हे ऐकून पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. पण कातडी टिकविण्यासाठी मीठही वापरतात, म्हणून कोणी आमटी अळणी करीत नाही.

भारतात 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याखालील नियमांनी बीएचएची कमाल मर्यादा 0.02 टक्के ठरविली, म्हणजे किलोभर तेलातुपात 200 मिलिग्रॅम. रसगुल्ले व वडे यांच्या तयार पिठांचा त्या नियमांत नावानिशी उल्लेख होता, ही गंमत नमूद करण्याजोगी आहे. (2011 पासून त्या कायद्याची जागा अन्न सुरक्षा कायद्याने घेतली.) शुद्ध तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात 5 टक्के तिळाचे तेल सक्तीचे केलेले होते. तिळाच्या तेलात सेसामोल नावाचे खवटपणा रोखणारे नैसर्गिक द्रव्य असते, हा त्या सक्तीचा अनपेक्षित लाभ.

भयाचा खरा उगम जपानातील नागोया येथे आहे. डॉ. नोबुयुकी इतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दोन वर्षे बीएचए चारले. ज्यांच्या खाद्यात ते 2 टक्के होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या जठराच्या पूर्वभागात कर्करोगाच्या गाठी आढळल्या. हा निष्कर्ष 1983 साली प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. मात्र जठराचा हा पूर्वभाग उंदरास असतो, मनुष्यास नसतो. शिवाय 2 टक्के म्हणजे किलोभर खाद्यात 20 ग्रॅम. भारतीय मर्यादेच्या ती शंभर पट, आणि तीही केवळ तेलातुपात नव्हे, साऱ्या अन्नात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1987 च्या यादीत बीएचएला 'संभाव्य कर्ककारी' या वर्गात ठेविले. बीएचटीविषयी निर्णय करण्यास पुरावा अपुरा ठरला. 'संभाव्य' या शब्दाने पुरावा किती बळकट आहे ते कळते, धोका किती मोठा आहे ते कळत नाही. वृत्तपत्री मथळ्यांनी हा भेद क्वचितच पाळला.

तरीही निश्चिंत राहावे, असे नाही. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम बीएचए ही मर्यादा मानली. पन्नास किलोच्या माणसास 25 मिलिग्रॅम चालतील. पंधरा किलोच्या बालकास मात्र साडेसातच. आणि कमाल प्रमाणात बीएचए घातलेले 40 ग्रॅम तेल-तूप रोज पोटात गेले, तर आठ मिलिग्रॅम होतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2011 साली ही मर्यादा दर किलोमागे एक मिलिग्रॅमवर नेली, हे खरे. पण दुपारच्या डब्यात रोज पाकीटबंद फरसाण देणाऱ्या घरांनी हे गणित जरूर मांडावे. पाकिटावर आयएनएस 319 म्हणजे टीबीएचक्यू, 320 म्हणजे बीएचए आणि 321 म्हणजे बीएचटी.

सुट्या फरसाणावर असा आकडा नसतो. ज्या कढईत तेच तेल पुनःपुन्हा तापते, तिचे काय? अशा तेलातील बिघडलेल्या घटकांना 1 जुलै 2018 पासून भारतात 25 टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. आणि त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने 2006 साली अतितप्त तळणाच्या धुरास 'बहुधा कर्ककारी' ठरविले. हा वर्ग बीएचएच्या वर्गाहून एक पायरी वरचा आहे. तो धूर पाकीट फोडणाऱ्याच्या नाकात जात नाही. तो झारा हाती धरून दिवसभर भट्टीपाशी उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत जातो.