अंधांसाठी मराठी वाङ्मय

दृष्टिहीनांना स्पर्शाने वा श्रवणाने आस्वादता येईल अशा रूपात सिद्ध केलेले मराठी साहित्य. लूई ब्रेल (१८०९–५२) याने सहा ठिपक्यांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये अंधशाळा काढली. तथापि भारतात भिन्न ब्रेल-संकेत रूढ असल्याने एका शाळेतील पुस्तक अन्यत्र वाचणे दुष्कर होई. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली जाऊन ही अडचण दूर होऊ लागली. ब्रेल-ग्रंथ अवजड व खर्चिक असतात; शिवाय रूपांतरास हक्कधारकाची अनुमती लागे. २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने ना-नफा रूपांतरापुरती ती अट काढली. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये निघाले. ध्वनिमुद्रित पुस्तकांनी श्रोता लाभतो. शब्दाचे लेखनरूप मात्र दृष्टिहीनास प्रामुख्याने ब्रेलमुळेच उमगते.