लाडबोरीत पडलेलं कडं

2 एप्रिल 2022. शनिवार, गुढीपाडवा.

चौदा महिने आधी : फेब्रुवारी 2021 मध्ये चीनचं ‘चांग झेंग 3बी’ रॉकेट उडालं. त्याचा तिसरा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहिला. पृथ्वीजवळ आला की विरळ हवेत घासायचा. कक्षा आखडत गेली.

सायंकाळी 6.11 : न्यूझीलंडहून ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेट सुटलं. रात्री पडलेल्या कड्याबद्दल पहिला संशय गेला तो याच्यावर.

6.30च्या सुमारास : विदर्भात सूर्य मावळला, गुढ्या उतरल्या. आकाशातला कचरा दुर्बिणीने टिपायची हीच वेळ. जमिनीवर अंधार, वर मात्र ऊन. त्या उन्हात तुकडा चमकतो. पेण-रोह्यामधल्या कासूतून नुसत्या डोळ्यांनीही सरकता उपग्रह दिसतो तो यामुळेच. पावसाळ्यात मात्र कोकणात चार महिने ढग, म्हणून दुर्बिणीला रडारची जोड लागतेच.

6.45 : तासभर उरला. चिनी रॉकेटचा हा टप्पा आता पडणार, हे कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्यांना ठाऊक होतं. कुठे, ते सांगता येत नव्हतं. वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटर. मिनिटाचा फरक म्हणजे साडेचारशेहून जास्त किलोमीटर. कासू ते चंद्रपूर जिल्ह्यातलं सिंदेवाही हे अंतर दीड मिनिटाचं! आणि शेवटच्या तासातही अंदाज काही मिनिटांनी चुकतोच.

7.45च्या आसपास : महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या आकाशात जळते गोळे ओळीने सरकताना दिसले. लोकांनी मोबाइलवर चित्रण केलं.

7.50च्या सुमारास : चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं कडं मोकळ्या जागेत पडलं. व्यास जवळपास तीन मीटर. वस्ती लागूनच होती. कुणाला इजा झाली नाही, हे निव्वळ नशीब.

त्यानंतर : परिसरात धातूचा गोळाही सापडला. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मार्ग ताडून बोट चिनी टप्प्याकडे दाखवलं. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले.

इस्रोचा ‘नेत्र’ प्रकल्प असा कचरा टिपणारी रडार आणि दुर्बिणी उभारण्यासाठीच आहे. त्याचा इशारा तहसील कचेरीपर्यंत, तिथून पोलीस पाटलापर्यंत मराठीत पोचला पाहिजे.

आणि तुम्हाला असं काही दिसलं, तर वेळ आणि दिशा टिपून ठेवा. पडलेल्या वस्तूला हात लावू नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. मुलांना लांब ठेवा आणि 112 फिरवा.