बालकासारखा विश्वास

ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत कल्पना. देवाच्या राज्यात शिरायचे तर माणसाने लहान मुलासारखे झाले पाहिजे, या येशूच्या शिकवणीवर ती उभी आहे. मराठी बायबलमध्ये ‘श्रद्धा’पेक्षा ‘विश्वास’ हा शब्द रुळला आहे आणि या कल्पनेला तोच अधिक जुळतो. एखादे मत मान्य करणे येथे पुरेसे नाही, कोणावर तरी आपला सगळा भार टाकायचा असतो. निरागसपणा, भाबडेपणा किंवा प्रश्न न विचारता मान डोलावणे असा तिचा अर्थ पुष्कळदा केला जातो. मूळ प्रसंग वाचल्यावर मात्र तो टिकत नाही.

तो प्रसंग मोठेपणाच्या भांडणातून निघाला. मार्कच्या शुभवर्तमानानुसार (9:33–37) येशू आणि शिष्य कफर्णहूमला घरी पोचल्यावर, वाटेत तुमचा कसला वाद चालला होता, असे त्याने विचारले. सगळे गप्प राहिले, कारण आपल्यात मोठा कोण हाच तो वाद होता. तेव्हा येशूने एका मुलाला त्यांच्यामध्ये उभे केले आणि मग कवेत घेतले. मत्तयाने (18:1–5) याच प्रसंगाला मुलासारखे होण्याची, स्वतःला नमवण्याची शिकवण जोडली आहे. दुसरा प्रसंग मुलांना आशीर्वादासाठी आणणाऱ्या लोकांचा आहे (मार्क 10:13–16). शिष्यांनी त्यांना दटावले आणि येशू शिष्यांवर रागावला. त्याच्या रागाचा उल्लेख एकटा मार्क करतो. लूकने (18:15) येथे ‘मूल’ या अर्थाचा नेहमीचा ग्रीक शब्द ‘पैदिऑन’ न वापरता ‘ब्रेफॉस’, म्हणजे तान्हे बाळ, हा शब्द योजला. तान्ह्या बाळाला चालता येत नाही, कबुली देता येत नाही; त्याला कोणीतरी उचलून आणावे लागते. माझ्या मते या कल्पनेचे मर्म लूकच्या या एका शब्दात आहे.

त्या काळी मुलाला समाजात काय जागा होती, हे कळल्याशिवाय या वाक्यांची धार जाणवत नाही. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुखाचा मुलांवर जवळजवळ अमर्याद अधिकार होता आणि नको असलेले अर्भक उघड्यावर टाकून देण्याची रीत सर्वत्र चालू होती. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या, इ. स. पू. 1 मधील एका पपायरसपत्रात हिलारिऑन नावाचा मजूर आपल्या गरोदर बायकोला कळवतो, की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. पत्राचा बाकीचा मजकूर मायेचा आहे, म्हणून तर ते वाचताना अंगावर काटा येतो. ज्यू समाजात मूल ही देवाची देणगी मानत आणि अर्भके टाकण्याला कडवा विरोध होता, तरी सार्वजनिक जीवनात मुलाच्या शब्दाला वजन नव्हतेच. अशा जगात ‘मुलासारखे व्हा’ म्हणणे म्हणजे मानपान, हक्क, कमाई हे सगळे बाजूला ठेवून रिकाम्या हाताने उभे राहा, असे सांगणे होते. मूल गोड दिसते म्हणून ते आदर्श ठरले, ही समजूत बरीच नंतरची.

ग्रीक व्याकरणामुळे या वचनाला आणखी एक पदर सुटतो. मार्क 10:15 मधील ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि त्याचे कर्त्याचे व कर्माचे रूप एकच असते. त्यामुळे ‘मूल जसे स्वीकारते तसे राज्य स्वीकारणे’ आणि ‘मुलाला स्वीकारावे तसे राज्य स्वीकारणे’ असे दोन्ही अर्थ निघतात. परंपरेने पहिला अर्थ धरला. पण आधीच्याच अध्यायात येशूने मुलाचे स्वागत करण्याविषयी सांगितलेले असल्याने दुसराही सहज झटकून टाकता येत नाही.

नव्या करारातच या कल्पनेला मर्यादाही घातलेली आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला दुष्टपणाच्या बाबतीत तान्हे, पण समजुतीच्या बाबतीत प्रौढ असावे, असे बजावले (1 करिंथ 14:20). इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रत्येक नव्या शिकवणीच्या वाऱ्याने हेलकावणारी बाळे असा उल्लेख येतो, तो इशारा म्हणून. बालकासारखा विश्वास आणि बालिश विश्वास यांतील फरक असा पहिल्या पिढीपासून जाणवत होता. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठी धर्मसत्तेने आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ही कल्पना वेळोवेळी वापरली. तो तिचा दुरुपयोग आहे. ज्याला विश्वासाचे माणूस जवळ आहे ते मूल दिवसभर प्रश्नच विचारत असते.

अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने सुमारे 200 मध्ये ‘पैदागोगोस’ या ग्रंथात सगळ्या ख्रिस्ती लोकांना बालके म्हटले आणि या बालपणाचा अर्थ अज्ञान असा न करता कोवळेपणा, सौम्यपणा असा लावला. ऑगस्टीन (354–430) मात्र मुलांकडे कठोर नजरेने पाहतो. दूधभावाकडे जळफळून बघणारे तान्हे मूल आपण पाहिले आहे, असे तो आत्मकथनात लिहितो. बाळ निष्पाप वाटते ते त्याचे हातपाय दुबळे असतात म्हणून, त्याचे मन शुद्ध असते म्हणून नव्हे, असा त्याचा निष्कर्ष. मग येशूने मुलाची थोरवी का गायिली? ऑगस्टीनचे उत्तर असे, की त्याने मुलाची लहानशी चण नम्रतेचे चिन्ह म्हणून घेतली. याच ऑगस्टीनला 386 मध्ये मिलान येथील बागेत, शेजारून आलेल्या एका मुलाच्या की मुलीच्या आवाजाने ग्रंथ उचलून वाचायला लावले आणि त्याचे आयुष्य पालटले.

सोळाव्या शतकात हीच वचने बाप्तिस्म्याच्या वादात ओढली गेली. 1525 मध्ये झुरिकमध्ये सुरू झालेल्या पुनर्बाप्तिस्मावादी चळवळीने, समजून उमजून कबुली देणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, अशी भूमिका घेतली. अर्भकालाही देव विश्वास देऊ शकतो, हे ल्यूथरचे उत्तर होते. त्याचा स्नेही चित्रकार लूकास क्रानाख याने मुलांना आशीर्वाद देणारा ख्रिस्त वारंवार चितारला, त्यामागे हा वाद होता.

या कल्पनेला सर्वांत खोल अर्थ दिला तो फ्रान्समधील कार्मेलपंथी जोगीण लिझ्यूची तेरेझ (1873–1897) हिने. ती साडेचार वर्षांची असताना आई वारली. पंधराव्या वर्षी, 1888 मध्ये, ती मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने मरण पावली. थोर संतांच्या मानाने आपण वाळूचा कण आहोत, पूर्णत्वाचा जिना चढण्याची आपली ताकद नाही, हे तिने ओळखले. त्या काळी श्रीमंतांच्या घरांत लिफ्ट आल्या होत्या. तशी एखादी लिफ्ट देवाकडे जायला मिळेल का, याचा शोध तिने बायबलमध्ये घेतला आणि येशूचे बाहू हीच ती लिफ्ट, असे तिला उमगले. त्यासाठी मोठे होण्याची गरज नव्हती. लहानच राहायचे होते. या वाटेला ती ‘छोटी वाट’ म्हणे. प्रार्थनेत तिला झोप लागायची. आईबापांना मूल जागेपणी आवडते तसेच झोपेतही आवडते, एवढे म्हणून ती निश्चिंत असे.

हे वाचून तिचा विश्वास सोपा होता असे वाटेल, पण 1896 च्या ईस्टरपासून मृत्यूपर्यंत तिच्या मनात दाट काळोख होता. स्वर्ग आहे की नाही, हीच शंका तिला घेरून असे. त्या काळोखात काहीही न दिसता तिने धरलेला हात सोडला नाही. तिच्या बालपणाच्या वाटेला वजन येते ते या दीड वर्षामुळे. 1898 मध्ये तिचे ‘एका आत्म्याची कहाणी’ हे पुस्तक निघाले, 1925 मध्ये तिला संतपद मिळाले आणि 1997 मध्ये ज्या मोजक्या व्यक्तींना ‘चर्चचे आचार्य’ मानतात त्यांत तिची गणना झाली.

डॅनिश विचारवंत किर्केगार्द याने 1846 मध्ये, ख्रिस्ती धर्माला गोंडस बाळपणात गुंडाळणाऱ्या प्रवृत्तीवर टीका केली. मुलासारखे होणे हे प्रौढाला सांगितले आहे आणि प्रौढालाच ते अवघड आहे, असा त्याचा मुद्दा होता. पॉल रिकर या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1960 मध्ये चिकित्सेच्या पलीकडे गवसणाऱ्या ‘दुसऱ्या भाबडेपणा’ची कल्पना मांडली.

मराठीत ही कल्पना आली तेव्हा तिला भाषा तयार मिळाली. देव माउली आणि भक्त तिचे लेकरू, हे नाते वारकरी संतांनी शतकानुशतके गायिले होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक (1861–1919) आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि त्यांच्या पदांत ख्रिस्त गुरू आहे तसाच आईही आहे. युरोपीय ख्रिस्ती भक्तीत प्रामुख्याने पित्याची प्रतिमा वावरते, टिळकांनी मात्र लेकराचा हट्ट आणि लडिवाळपणा आणला. पंडिता रमाबाईंनी (1858–1922) केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, ते अल्पशिक्षित बायकांनाही स्वतः वाचता यावे म्हणून. त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, ते पूर्ण छापून निघाले.

मराठी बायबलमध्ये ‘अब्बा, बापा’ अशी जोडहाक येते. त्यातला ‘अब्बा’ हा येशूच्या बोलीतला, अरामी भाषेतला शब्द. तो तान्ह्या मुलाचा बोबडा बोल आहे, ही समजूत विसाव्या शतकात फार पसरली. प्रौढ मुलेही वडिलांना अब्बाच म्हणत, हे जेम्स बार या अभ्यासकाने 1988 मध्ये दाखवून दिले. येशू ही हाक मारतो ती अटकेच्या रात्री, गेथशेमाने बागेत, तिघे शिष्य झोपी गेलेले असताना. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असे तो आधी स्पष्ट मागतो आणि मग पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन होतो. चारही शुभवर्तमानांत हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आला आहे.