हौशी मोटारशर्यतीतील चाके : मापांचे नियम आणि परवडणारी निवड

सिल्वासाजवळील गलोंडा येथे, किंबहुना संपूर्ण दादरा व नगर हवेलीत, मोटारशर्यतीची कायमस्वरूपी धावपट्टी नाही. देशातील प्रमुख धावपट्ट्या दूरवर आहेत : चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई (१९९०), कोइम्बतूरची करी मोटर स्पीडवे (२००३) आणि ग्रेटर नोएडाची बुद्ध इंटरनॅशनल सर्किट (२०११). त्यामुळे अशा गावातील किंवा गोव्यातील हौशी स्पर्धकाला ऑटोक्रॉस आणि छोट्या रॅली हाच मार्ग जवळचा वाटतो. गाडी घरचीच असते आणि खर्च स्वतःच्या खिशातून होतो. इंजिनाला हात न लावता गाडीची चाल बदलणारा भाग म्हणजे चाक. म्हणूनच पहिला खर्च चाकांवर होतो आणि पहिली फसगतही तेथेच होते.

नियम काय सांगतात?

देशातील मोटारक्रीडेचे नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही राष्ट्रीय संस्था करते. प्रत्येक स्पर्धेची स्वतंत्र पूरक नियमावलीही असते आणि चाकाचा व्यास, रुंदी व टायरचा प्रकार यांविषयी तीच अंतिम मानावी लागते. या नियमांमागील विचार आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (एफआयए) परिशिष्ट ‘जे’मधील ‘गट एन’वरून स्पष्ट होतो. हा गट कारखान्यातून निघालेल्या मोटारींचा. त्यात चाकाचा नमुना स्पर्धकाने निवडावा. मात्र व्यास गाडीच्या अधिकृत नोंदीप्रमाणेच हवा आणि नोंदलेली रुंदी ही कमाल मर्यादा मानली जाते. त्याहून अरुंद चाक चालते, रुंद चालत नाही. चाक गाडीच्या मडगार्डखाली झाकलेले असणेही आवश्यक आहे. घडीव मॅग्नेशियमच्या चाकांना मनाई आहे.

विद्यार्थ्यांच्या ‘फॉर्म्युला एसएई’ स्पर्धेत मर्यादा उलट दिशेने आहे. तेथे चाक किमान २०३.२ मिलिमीटर, म्हणजे आठ इंच व्यासाचे असावे लागते. दोन्हींचा हेतू मात्र एकच आहे : चाकांवर अमर्याद पैसा ओतून कोणी शर्यत विकत घेऊ नये आणि सुरक्षितता राहावी. कमाल मर्यादा ही हौशी स्पर्धकाला अडचण वाटते. प्रत्यक्षात ती त्याच्या खिशाचे रक्षण करते.

मापे वाचावीत कशी?

चाकावर ‘५ जे × १४’ असे कोरलेले असल्यास रिमची रुंदी पाच इंच, कडेचा आकार ‘जे’ आणि व्यास चौदा इंच, असा अर्थ होतो. एवढ्यावर खरेदी करणे धोक्याचे आहे. नटांच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास (पीसीडी), मध्यछिद्राचा व्यास आणि चाकाचा आत-बाहेरचा कल (ऑफसेट) ही तीन मापेही जुळली पाहिजेत.

मारुती स्विफ्ट, ह्युंदाई आय-२० आणि होंडा सिटी यांच्या चार नटांच्या चाकांचा पीसीडी १०० मिलिमीटर आहे. फियाटच्या पालिओ आणि पुंटोचा ९८. हा दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. चाक बसल्यासारखे वाटते, परंतु नट तिरके आवळले जातात आणि वळणावर ताण आल्यावर सैल होतात. पीसीडी जुळला तरी काम संपत नाही. स्विफ्टचे मध्यछिद्र ५४.१ मिलिमीटरचे, होंडाचे ५६.१ मिलिमीटरचे. होंडाचे चाक स्विफ्टला लावल्यास मध्ये पोकळी उरते. ती भरण्यासाठी लेथवर अचूक कडी करून घ्यावी लागते. शिवाय होंडाच्या मूळ चाकात नटाची बैठक गोलाकार, तर स्विफ्टच्या नटाची शंकूसारखी असते. आट्यांतही फरक आहे : स्विफ्टचा १.२५ मिलिमीटर, होंडाचा १.५. म्हणजे नटांची बैठक चाकाप्रमाणे आणि आटे गाडीप्रमाणे घ्यावे लागतात.

टायरचे गणित

१६५/८० आर १४ या टायरचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तितकाच. मोठी रिम घेतली म्हणून गाडी उंच होत नाही. केवळ टायरची भिंत बुटकी होते. खडबडीत मातीच्या मार्गावर उंच भिंतीचा टायर धक्का सोसतो आणि रिम वाचवतो. सामान्यतः लहान रिमचा टायर स्वस्तही पडतो.

याउलट १८५/६० आर १४ घेतल्यास व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर, म्हणजे जवळपास सात टक्के कमी होतो. गाडी चपळ उचलते, पण जमिनीपासूनची उंची २१ मिलिमीटरने घटते आणि खरा वेग ताशी १०० किलोमीटर असताना वेगमापक १०७ दाखवतो. नियमावलीत टायरच्या बाह्य व्यासाविषयी काही म्हटले आहे का, हे म्हणूनच आधी पाहावे.

स्वस्त चाके कोठे?

गलोंड्याहून जवळचे मोठे रेल्वेस्थानक वापी. तेथून मुंबई गाठता येते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग विकणारी दुकाने आहेत. गोव्यातील स्पर्धकांना कोल्हापूर व बेळगाव जवळचे असून, ओतकाम व लेथकामाचे कारखाने तेथे आहेत. कडी करून घेण्यास ते उपयोगी पडतात. परदेशी शर्यतीचे टायर मिळवणे मात्र कठीण झाले आहे. १२ जून २०२० रोजी केंद्राने नव्या टायरांची आयात ‘निर्बंधित’ श्रेणीत टाकली. त्यामुळे देशी टायर हाच बहुतेकांचा व्यवहार्य पर्याय उरतो.

पत्र्याची वाकलेली रिम सरळ करता येते. तडा गेलेल्या मिश्रधातूच्या चाकाला वेल्डिंग करून शर्यतीत उतरवणे मात्र जिवावर बेतू शकते. जुने चाक घेताना बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून त्याची डगमग पाहावी, आतील बाजू धुऊन आऱ्यांच्या मुळाशी तडे तपासावेत आणि रंग नुकताच दिलेला असल्यास संशय घ्यावा. चारही चाके एकाच मापाची व शक्यतो एकाच साच्यातील असावीत.

रस्त्यावरचा कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी फेरबदल करता येत नाहीत. शर्यतीची चाके रस्त्यावर वापरल्यास दंड होऊ शकतो आणि अपघातानंतर विम्याचा वाद उद्भवू शकतो. मूळ चाकांचा संच जपून ठेवून त्यावरच स्पर्धास्थळी जाणे श्रेयस्कर.

थोडक्यात, क्रम उलटता कामा नये. प्रथम नियमावली, नंतर मापे, त्यानंतर चाकाची प्रकृती आणि शेवटी किंमत. किमतीपासून सुरुवात करणाऱ्यास तेच चाक बहुधा दोनदा विकत घ्यावे लागते.