'मेला' आणि 'अंदाज'च्या मधलं वर्ष

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त आहे मामाकडे झालेलं एक भांडण. भांडण तसं जुनंच, आमच्या घरात दर दिवाळीला कुणीतरी उकरून काढतंच. "लता आली आणि तिने बाकीच्या सगळ्यांना संपवलं" हे एका बाजूचं म्हणणं (मामा), आणि "बाकीच्यांच्यात दम नव्हता म्हणून त्या संपल्या" हे दुसऱ्या बाजूचं (आमच्या मातोश्री). मी लहानपणापासून आईच्या पार्टीत. आजोळी सकाळी रेडिओ सिलोनवर जुन्या सिनेमातली गाणी लागायची, साडेसात ते आठ, शेवटचं गाणं सैगलचं. त्यात जोहराबाई लागली की आम्ही मावसभावंडं नाक दाबून तिची नक्कल करायचो. आजी काही बोलायची नाही, फक्त उठून रेडिओचा आवाज थोडा वाढवायची.

यावेळी मामाने वाद न घालता सरळ दोन सिनेमे लावले. आधी 'मेला', मग 'अंदाज'. पहिला 1948 चा, दुसरा 1949 चा. दोन्हीत दिलीपकुमार, दोन्हीत नर्गिस, दोन्हीचं संगीत नौशादचं. 'मेला'त नर्गिसने तोंड उघडलं की आवाज येतो शमशाद बेगमचा. खणखणीत, मोकळा, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. ओ. पी. नय्यर त्या आवाजाला देवळातल्या घंटेची उपमा द्यायचा ते उगाच नाही. आणि 'अंदाज'मध्ये त्याच नर्गिसच्या तोंडून येतो लताचा आवाज. शमशाद आहे 'अंदाज'मध्येही, पण लताच्या जोडीला, एका द्वंद्वगीतापुरती.

संगीतकार तोच, नट-नटी तीच, मध्ये एक वर्ष.

मी लगेच आईची वकिली सुरू केली. "अरे मामा, 'मेला'ची नर्गिस खेड्यातली आहे आणि 'अंदाज'ची पियानो असलेल्या बंगल्यातली. माणूस बदललं तर आवाज बदलणारच की!" मामा हसला आणि म्हणाला, मग 'बरसात' आठव. तोही 1949 चाच. त्यात नर्गिस आणि निम्मी दोघी डोंगरातल्या साध्या पोरी, आणि दोघींना आवाज एकच, लताचा. त्याच राज कपूरच्या आदल्या वर्षीच्या 'आग'मध्ये शमशादची गाणी होती. पुढे 1951 च्या 'आवारा'त शमशाद आहे, पण एका गाण्यापुरती, आणि ते गाणं नाचणाऱ्या कुक्कूच्या वाट्याचं. नायिकेचं नाही. मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र हे डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे पॉप म्हणजे सिनेमाचं गाणं, निदान त्या काळात तरी. आणि त्या पॉपच्या राण्या कोण होत्या? अमीरबाई कर्नाटकी, जोहराबाई अंबालेवाली, राजकुमारी, शमशाद. 1943 चा 'किस्मत' कलकत्त्याला तीन वर्षांहून जास्त चालला, त्यात अमीरबाई होती. 1944 च्या 'रतन'ने नौशादला नौशाद केलं, त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं जोहराबाईचं. शमशाद 1941 च्या 'खजांची'पासून गुलाम हैदरची लाडकी. ज्यांच्या दारात निर्माते रांग लावून उभे राहत अशा या बायका.

आता एक हिशेब करा. 1949 साली शमशादचं वय तीस. जोहराबाईचं एकतीसच्या आसपास. राजकुमारी तर जेमतेम पंचविशीची. आम्ही नक्कल करायचो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर पानाचा डबा घेऊन बसलेली साठीची बाई असायची! आवाज म्हातारा झाला म्हणून कुणी बाजूला सारलं असं म्हणायची सोयच नाही. 'रतन'मध्ये जे आणि जसं गायलं, तेच आणि तसंच त्या पाच वर्षांनी गात होत्या. त्यांच्या गाण्यात काही बिघडलं नव्हतं.

मग बिघडलं काय? माझ्या मते तीन-चार गोष्टी एकदम जुळून आल्या, आणि त्यातली एकही एकट्या लताच्या हातात नव्हती.

पहिली फाळणी. 1947 मध्ये नूरजहाँ गेली, पाठोपाठ खुर्शीद गेली. सैगल त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. म्हणजे गाणाऱ्या नट-नट्यांचं जे राज्य होतं त्याचे निम्मे खांब दोन वर्षांत नाहीसे झाले (सुरैया तेवढी राहिली, आणि काही वर्षं जोरात राहिली). लताची अगदी सुरुवातीची गाणी ऐका, त्यांच्यावर नूरजहाँची सावली स्पष्ट आहे. संगीतकारांना गेलेल्या माणसाची जागा भरायची होती. शिवाय पडद्यावर दिसायची नटी वेगळी आणि गाणारी वेगळी ही पद्धत आता पक्की झाली होती. एकच आवाज दहा नट्यांना चालणार असेल तर तो असा हवा की ज्यात कुणाचाच चेहरा पटकन दिसणार नाही. शमशाद नुसती ऐकली तरी एक धिप्पाड, हसरी, कमरेवर हात ठेवलेली बाई समोर उभी राहते. ते तिचं वैभव, आणि त्या नव्या व्यवस्थेत तीच तिची अडचण.

दुसरी गोष्ट वाद्यांची. 'बरसात' ऐकताना पहिल्यांदा काय जाणवतं? व्हायोलिनं. शंकर-जयकिशननी गाण्यामागे वाद्यांचा केवढा समुद्र उभा केला! आधीची गाणी म्हणजे हार्मोनियम, सारंगी, ढोलक, आणि त्यांच्यावर मांड ठोकून बसलेला आवाज. या बायकांचं शिक्षण बैठकीतलं, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं अशा सवयीचं. व्हायोलिनांच्या समुद्रात तो जाड आवाज वाद्यांशी झटापट करतो. बारीक, उंच पट्टीतला आवाज मात्र त्यांच्यावरून रेघ ओढल्यासारखा निघून जातो. 'शहीद'च्या वेळी फिल्मिस्तानच्या एस. मुखर्जींनी लताचा आवाज फार पातळ आहे म्हणून नाकारला होता, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती आपण मुखर्जींची फजिती म्हणून सांगतो. पण मुखर्जी 1948 च्या कानांनी ऐकत होते, आणि त्या कानांप्रमाणे त्यांचं काही चुकलं नव्हतं. दीड वर्षात कानच बदलले.

आणि तिसरी गोष्ट, जी मामाशी वाद घालताना मला सुचली नव्हती. नवा देश, नवी नायिका. ती आता भाबडी, सोज्वळ, घरंदाज असायला हवी होती. भरदार, अनुभवी आवाजाला कोठ्याचा वास येऊ लागला. सरदार पटेल नभोवाणी खातं सांभाळत होते तेव्हा ऑल इंडिया रेडिओने 'चारित्र्या'च्या नावाखाली गाणाऱ्या बायकांना दारं बंद केली होती, तेही याच सुमाराचं. म्हणजे हवाच तशी होती. ज्या आवाजात आधी प्रेक्षकांना प्रेयसी ऐकू यायची, त्याच आवाजात त्यांना आता 'तसली बाई' ऐकू येऊ लागली. (हे लिहिताना मला आमच्या नाक दाबण्याची लाज वाटते आहे. आम्हाला कुणी शिकवलं होतं ते?)

हा बदल एकाच सिनेमात उभा राहिलेला बघायचा असेल तर 'महल' बघा. पुन्हा 1949. मधुबालाला लता, आणि बाकीच्या बायकांना राजकुमारी आणि जोहराबाई. खेमचंद प्रकाशांनी सगळ्यांना मन लावून चाली दिल्या आहेत, राजकुमारीचं गाणं तर माझ्या मते त्या सिनेमातलं सगळ्यात दुखरं गाणं आहे. लोक थिएटरातून बाहेर पडले ते मात्र त्या दिसणाऱ्या-हरवणाऱ्या मुलीचा आवाज घेऊन. तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलेलं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. ही कोण गातेय म्हणून रेडिओकडे इतकी पत्रं गेली की शेवटी लताचं नाव सांगावं लागलं. राजकुमारी कोण, असं विचारायला कुणी पत्र टाकलं नसावं.

पुढे 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. तोवर आपल्या बाळकृष्ण केसकरांनी नभोवाणीमंत्री म्हणून सिनेमाच्या गाण्यांना ऑल इंडिया रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केलं होतं, त्यामुळे सगळा देश सिलोनकडे कान लावून बसलेला. 'जुनी गाणी' म्हणून आपल्या आई-वडिलांच्या पिढीला जे पाठ आहे त्याची सुरुवात इथून होते. आणि तोपर्यंत जोहराबाई, अमीरबाई मैदानातून बाहेर पडल्या होत्या. त्यांची कारकीर्द संपलीच, शिवाय ती मोजदादीच्या अलीकडच्या बाजूला आलीच नाही.

शमशाद तशी टिकली. 1950 च्या 'बाबुल'मध्ये नौशादने तिला पुन्हा मोठी जागा दिली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती काही काळ गप्प होती, मग 'मदर इंडिया'त गायली. नय्यरने तर तिचा हात सोडलाच नाही. पण 1956 चा 'सी. आय. डी.' नीट बघा. रस्त्यावर गाणाऱ्यांना शमशाद, गावच्या नाचाला शमशाद, खलनायकाच्या गोटातल्या वहिदाला शमशाद. नायिका शकीला, आणि तिला शमशाद नाही. 1960 च्या 'मुघल-ए-आझम'मधली ती कव्वालीची जुगलबंदी आठवते? मधुबालाच्या बाजूने लता, निगार सुलतानाच्या बाजूने शमशाद. गाणं संपल्यावर सलीम फूल देतो शमशादच्या बाजूला आणि काटे लताच्या बाजूला. त्यावर अनारकली म्हणते की काट्यांना कोमेजायची भीती नसते. आणि 1968 च्या 'किस्मत'मध्ये शमशादचा आवाज कुणाच्या तोंडी आहे? बायकी वेष घेतलेल्या विश्वजीतच्या! समोर खऱ्या नायिकेला आशा. गाणं तुफान गाजलं, आजही लग्नात वाजतं. पण वीस वर्षांपूर्वी याच आवाजात नर्गिस बोलत होती हे 'मेला' बघितल्यापासून डोक्यातून जात नाही.

त्यानंतर ती पंचेचाळीस वर्षं जगली. फोटो काढू देणं तिला आवडायचंच नाही, त्यामुळे लोक चेहरा कधी ओळखतच नव्हते. मधल्या काळात ती वारल्याचीही बातमी छापून आली. वारली होती ती दुसरी शमशाद, सायरा बानूची आजी. 2000 नंतरच्या रीमिक्सच्या लाटेत 'बहार' आणि 'आरपार'मधली तिची गाणी पुन्हा घराघरांत वाजत होती, आणि मूळ गाणारी बाई मुंबईतच, पवईला, लेकीकडे राहत होती. 2009 साली पद्मभूषण मिळालं. 2013 च्या एप्रिलमध्ये ती गेली.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. अमीरबाई ही बिळगीची, बालगंधर्वांच्या गोहरबाईंची बहीण. (म्हणजे याही घराने चवीच्या लाटा दोन बाजूंनी बघितल्या. बोलपट आले आणि गंधर्वांवर जीव टाकणारा प्रेक्षक नाटकगृहातून उठून निघून गेला, तेही जवळजवळ असंच रातोरात.) तिने विजापूरला 'अमीर टॉकीज' उभं केलं आणि 1965 साली ती वारली. जोहराबाई बाजूला झाली आणि तिने आपलं गाणं मुलीच्या मागे उभं केलं. रोशनकुमारी नामांकित कथक नर्तिका झाली, आणि तिच्या कार्यक्रमांत आई गायची. मला या चौघींच्या गोष्टीत हाच शेवट त्यातल्या त्यात बरा वाटतो.

आणि राजकुमारी. 'पाकीझा' पुरा व्हायला इतकी वर्षं लागली की संगीतकार गुलाम मोहम्मद मध्येच, 1968 साली, वारले. पार्श्वसंगीत नौशादने केलं. असं सांगतात की त्या ध्वनिमुद्रणाला कोरसमध्ये उभ्या असलेल्या बायकांत नौशादला एक चेहरा ओळखीचा वाटला. ती राजकुमारी होती. चार घास मिळावेत म्हणून कोरसमध्ये गात होती. नौशाद हलला, आणि त्याने तिला सिनेमात एक अख्खी ठुमरी दिली.

मी 'पाकीझा' चार-पाच वेळा तरी पाहिला असेन. लताची त्यातली सगळी गाणी पाठ आहेत. ही ठुमरी मी ऐकलीच नव्हती, म्हणजे कानावर पडली असणार, पण मागे काहीतरी चालू आहे म्हणून सोडून दिली असणार. काल मामाला फोन करून हे कबूल केलं. तो म्हणाला, ये रविवारी, लावू. आईलाही घेऊन ये म्हणाला.