फायलीतला दोरा

इंदुरात कान्ह नदीच्या काठी लालबाग राजवाडा आहे. 1886 साली सुरू झालेले त्याचे बांधकाम 1921 साली, तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत पुरे झाले. त्याचे लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकासारखे हवे म्हणून विलायतेत घडवून जहाजाने आणवले. एवढ्या थाटाच्या घराचा धनी पुढे पाचच वर्षांत गादीवरून उतरला. 12 जानेवारी 1925 रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, तपासाचा धागा इंदूरपर्यंत पोहोचला, आणि इंग्रज सरकारने महाराजांपुढे दोनच वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली. लढाई झाली नाही, तोफ उडाली नाही. कागदाला कागद लागत गेला आणि त्या कागदांनी राजा खाली उतरवला.

एकाला एक लागलेल्या अशा कागदांना आपण फाइल म्हणतो. शाळा, कचेरी, दवाखाना, कोर्ट, कुठेही जा, हा शब्द आता आपलाच झाला आहे. फाइल पुढे सरकते, अडकते, गहाळ होते, बंद होते, पुन्हा उघडते. माझ्या मते इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांपैकी इतक्या क्रियापदांशी संसार मांडलेला दुसरा शब्द सापडणे कठीण.

या शब्दाचे कूळ सुतात आहे. लॅटिनमध्ये ‘फिलुम’ म्हणजे धागा. त्यावरून फ्रेंचमध्ये धाग्यात ओवण्याचे क्रियापद आले आणि तिथून शब्द इंग्रजांकडे गेला. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी कचेरीत कारकून आलेला कागद टोचून दोरीत किंवा तारेत ओवून ठेवी. फाइल हे नाव त्या दोरीचे, त्या तारेचे. तिच्यात ओवलेल्या कागदांना ते पुढे चिकटले, आणि पुठ्ठ्याच्या कव्हरला तर फारच उशिरा. आजही आपण ‘केस फाइल केली’ म्हणतो तेव्हा मुळात म्हणत असतो की कागद कोर्टाच्या दोरीत ओवला. दिव्यातली फिलामेंट आणि चेहऱ्याची बाह्यरेषा दाखवणारे प्रोफाइल ही याच धाग्याची नाती. सुताराची फाइल, म्हणजे कानस, मात्र या घरातली नाही. तिचे कूळ वेगळे, उच्चार तेवढा सारखा.

लालबागेचे बांधकाम सुरू झाले त्याच 1886 साली जर्मनीत बॉन इथे फ्रीडरिख झ्योनेकेन यांनी कागदाला भोके पाडण्याचे यंत्र आणि कड्यांची फाइल आणली. दोरीची जागा लोखंडी कडीने घेतली, पण भोक राहिलेच.

आता इंदूरच्या बोलीकडे येतो, कारण मला खरे नवल तिथे वाटते. इथल्या मराठी घरांत हिंदी सहज मिसळते. अर्जाला दाखला जोडायचा असेल तर इथला मराठी माणूसही ‘नत्थी करून दे’ म्हणतो. नत्थी हा हिंदी शब्द नाथण्यावरून आला. नाथणे म्हणजे बैलाच्या नाकात दोर घालणे, आपल्या मराठीत वेसण. संस्कृतात ‘नस्त’ म्हणजे नाक आणि ‘नस्तित’ म्हणजे वेसण घातलेला बैल. आपली नथही त्याच नाकातली. मंत्रालयात फायलीला जो ‘नस्ती’ हा शब्द चालतो, आणि जो मध्य प्रदेशच्या सरकारी हिंदीतही आहे, त्याचे गोत्रही हेच. अनेकांना नस्ती हा शब्द रुक्ष, कोशातून ओढून आणलेला वाटतो. मला तो फार नेमका वाटतो. माळवी बैलाचे नाक टोचून दोर ओवला की बैल हाताशी राहतो. कागद टोचून दोरा ओवला की कागद हाताशी राहतो. लंडनच्या कारकुनाने दोरी पाहिली, आपल्या माणसाने भोक पाहिले, आणि दोघांनी एकाच वस्तूला नाव दिले.

मराठेशाहीची रीत मात्र टोचण्याची नव्हती, बांधण्याची होती. मोडीतले कागद चौकोनी फडक्यात गुंडाळून गाठ मारत आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे 45 खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत निघाले. ‘दप्तर’ तर ग्रीकमधल्या ‘डिफ्थेरा’पर्यंत जाते, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेले कातडे, फारसीतून ते आपल्याकडे आले. हिंदीत त्याची कचेरी झाली, मराठीत पोराच्या पाठीवरची पिशवी. इंदूरच्या मराठी घरात म्हणून बाप ‘दफ्तर’ला जातो आणि मूल ‘दप्तर’ घेऊन निघते. त्या मुलाची विज्ञानाची प्रयोगवहीही इथे ‘प्रॅक्टिकल फाइल’ असते. पुण्यात तिला जर्नल म्हणतात.

1956 साली आयबीएमने रॅमॅक हा संगणक आणला. त्याच्या 50 तबकड्यांवर 50 लाख अक्षरे मावत, आणि त्या साठ्यालाही लोक फाइलच म्हणू लागले. भोक गेले, दोरा गेला, नाव राहिले. इंदुरातही तेच दिसते. लालबागेपासून जवळच माणिकबाग आहे. तिसऱ्या तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव यांनी 1930 नंतर जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून तो राजवाडा बांधून घेतला. तिथे आज केंद्रीय वस्तू व सेवा कराची कचेरी आहे. व्यापारी तिथले रिटर्न ‘फाइल’ करतात ते पडद्यावर बोट ठेवून.

दोऱ्याचे काम मात्र संपलेले नाही. ओवलेला कागद मधूनच काढला तर भोक फाटते, पान क्रमांक तुटतो, चोरी दिसते. ज्या माणसाच्या पेन्शनचा किंवा जमिनीचा एखादाच कागद फायलीतून नाहीसा झाला आहे, त्याला त्या दोऱ्याची किंमत विचारा.

1944-45 च्या सुमारास वासुदेव वामन ठाकूर यांनी ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ इंदुरातून प्रसिद्ध केली, ती जुने कागद जपून ठेवले गेले होते म्हणून. इंदूर, देवास, धार, महेश्वरच्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर अजून मोडीचे रुमाल असतील. ते रद्दीत घालू नका. गाठ सोडून कागद वेगवेगळेही करू नका, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता हेही त्या गाठीतच जपलेले असते. आहे तसा रुमाल उचला आणि मोडी वाचणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवा.